श्वास कोणाचा, ताल कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव संत गोरोबाकाकांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते प्राचीन ‘तगर’ म्हणून माहीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख दख्खनमधली मोठी बाजारपेठ म्हणून येतो. याच गावातल्या जुन्या मंदिरांच्या विटांमध्ये एक नवल आहे. त्यांतल्या काही विटा पाण्यावर तरंगतात. या विटांच्या अंगात असंख्य बारीक छिद्रे आहेत आणि त्यांत हवा अडकलेली आहे. वीट दिसायला भरीव असली तरी तिचा बराचसा भाग हवाच आहे.

आपल्या छातीत अशाच दोन ‘विटा’ आहेत. खाटकाकडून बकऱ्याच्या फुप्फुसाचा एक तुकडा आणि यकृताचा एक तुकडा आणून पाण्यात टाकून पाहा. यकृत बुडते, फुप्फुस तरंगते. माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि प्रत्येकात थोडी थोडी हवा असते. गंभीर न्यूमोनियात किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावर या वायुकोशांत पाणी झिरपते. तरंगणारी वीट जड होते. मग रुग्णाला स्वतःच्या बळावर पुरेसा प्राणवायू घेता येत नाही आणि त्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते.

व्हेंटिलेटर हा शब्द २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घराघरांत पोहोचला. पण यंत्र लावले म्हणजे श्वासाचा प्रश्न सुटला, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना कधी कधी सांगितले जाते, “पेशंट मशीनशी भांडतोय, म्हणून झोपेचं औषध वाढवलंय.” हे ‘भांडण’ म्हणजे नेमके काय? आणि झोपवले की ते खरोखर मिटते का? या लेखात आपण हेच पाहणार आहोत. या प्रश्नाच्या मुळाशी शाळेत शिकवला जाणारा दाब, प्रवाह आणि लय यांचाच अभ्यास आहे. म्हणूनच आम्ही तो शिक्षकांपुढे मांडत आहोत.

ओढणे आणि ढकलणे

आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात आणि छातीची पोकळी मोठी होते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत येते. म्हणजे निसर्गाने हवा आत ‘ओढण्याची’ सोय केली आहे. व्हेंटिलेटर याच्या उलट काम करतो. तो श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून हवा दाबाने आत ‘ढकलतो’. उच्छ्वास मात्र दोन्हींत सारखाच असतो. ताणलेली फुप्फुसे आणि छाती आपल्या लवचीकपणामुळे आकसतात आणि हवा बाहेर पडते.

आता दोन रुग्णांची तुलना करू.

समजा, तेरच्या शिवारात रात्री जमिनीवर झोपलेल्या एका शेतमजुराला मण्यार चावला. मण्याराच्या विषामुळे मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. या माणसाची फुप्फुसे निरोगी आहेत आणि मेंदूही जागा आहे, पण मेंदूचा हुकूम पाळणारे कोणी उरलेले नाही. सर्पविषावरची लस आणि व्हेंटिलेटर वेळेवर मिळाले, तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. यंत्रावर असताना त्याचे यंत्राशी भांडण नसते, कारण त्याच्या बाजूने हवा ओढणारे कोणी नसतेच. (त्याला ऐकू मात्र येत असते. डोळ्याची पापणीही हलत नाही म्हणून तो बेशुद्ध आहे असे समजून त्याच्याजवळ वाटेल ते बोलू नये.)

दुसरी रुग्ण आहे गंभीर न्यूमोनियाची एक बाई. तिचे स्नायू शाबूत आहेत. फुप्फुसे आजारी असल्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र सारखे “आणखी हवा, आणखी हवा” असा हुकूम सोडते आहे. आता तिच्या छातीवर दोन मालक आहेत. एक तिचा मेंदू, तो ओढतो. दुसरा व्हेंटिलेटर, तो ढकलतो. दोघांची वेळ जुळली तर काम हलके होते. जुळली नाही तर जे घडते त्याला आपण ‘रुग्ण आणि यंत्र यांचा विसंवाद’ म्हणू.

जात्यावरच्या दोघी

जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोन बायका आठवा. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीने ओढले की दुसरी सैल सोडते, मग दुसरी ओढते. ताल जुळला की पायलीभर दाणे सहज दळून होतात. पण एकीने उशिरा हात लावला, दुसरीने मध्येच सोडला किंवा एक थांबली असता दुसरीने जोर केला, तर जाते अडते आणि मनगटे दुखतात. दोघीही कष्ट करत असतात, पीठ मात्र पडत नाही.

व्हेंटिलेटरला जात्यावरच्या शहाण्या सोबतिणीसारखे वागायचे असेल, तर त्याला प्रत्येक श्वासाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हवा केव्हा सोडायची? किती वेगाने सोडायची? केव्हा थांबवायची? दिवसाचे किती श्वास होतात ते मोजू. मिनिटाला २० धरले, तर तासाला १,२०० आणि दिवसाला २८,८००. म्हणजे दिवसाकाठी शहाऐंशी हजारांवर निर्णय. त्यातले काही चुकणारच. किती चुकतात आणि कोणत्या प्रकारे चुकतात, यावर रुग्णाचे बरेच काही अवलंबून असते.

केव्हा सुरू करायचे हे यंत्राला कळते ते नळीतल्या बदलावरून. रुग्णाने श्वास ओढायला सुरुवात केली की नळीतला दाब एक-दोन सेंटिमीटर पाण्याइतका खाली येतो किंवा प्रवाहात थोडा फरक पडतो. यंत्रातला संवेदक तो फरक टिपतो आणि झडप उघडतो. संवेदक फार ‘बहिरा’ ठेवला तर त्याला रुग्णाची हाक ऐकू येत नाही. फार ‘तिखट कानाचा’ ठेवला तर नळीत साचलेल्या पाण्याची हालचाल किंवा हृदयाचा ठोकाही त्याला श्वास वाटतो आणि कोणी न मागता तो हवा सोडतो.

किती वेगाने, हा दुसरा प्रश्न. यंत्राने ठरलेल्या वेगानेच हवा द्यायची असे ठरवलेले असेल आणि रुग्णाला त्याहून जोरात हवी असेल, तर त्याची अवस्था तहानलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजावे तशी होते. तो ओढत राहतो आणि हवा अपुरी पडते.

तिसरा प्रश्न थांबण्याचा. मेंदूचा श्वास संपला तरी यंत्र ढकलतच राहिले, तर रुग्ण पोटाचे स्नायू आवळून हवा बाहेर टाकू पाहतो. उलट यंत्र लवकर थांबले आणि मेंदूचा श्वास चालूच असला, तर काय होते ते पुढे पाहू. तो प्रकार सर्वांत घातक प्रकारांपैकी आहे.

वाया गेलेला प्रयत्न: एक प्रयोग

प्रत्येक मुलाला स्वतःची स्वच्छ पारदर्शक नळी द्या. शीतपेयाची लांब नळी चालेल. नळीचे एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून उभी धरायला सांगा. पाणी पेल्यातल्या पातळीच्या वर फक्त २ सेंटिमीटर चढेल इतकेच ओढायचे. मग १० सेंटिमीटर चढवायचे. गालांनी चोखायचे नाही, छातीने ओढायचे. १० सेंटिमीटर चढवणेही फार अवघड नाही. आता तेच मिनिटाला २० वेळा याप्रमाणे सलग तीन मिनिटे करायला सांगा. कोणाला चक्कर आली तर लगेच थांबवा. मुले दमतात. रुग्णाला हे दिवसरात्र करावे लागू शकते. कसे ते पाहू.

दमा किंवा चुलीच्या धुराने जुनाट झालेला फुप्फुसाचा आजार असेल, तर श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. धूम्रपान न करणाऱ्यांनाही असा आजार होतो आणि जगात त्याचे मोठे कारण चुलीचा धूर आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा मुद्दा ठामपणे मांडला होता. अशा रुग्णाची हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच यंत्र पुढचा श्वास देते. थोडी थोडी हवा आत कोंडली जाते आणि श्वास संपल्यावरही छातीत दाब शिल्लक राहतो.

समजा, हा कोंडलेला दाब ८ सेंटिमीटर पाण्याइतका आहे आणि यंत्र २ सेंटिमीटरची घट झाल्याशिवाय जागे होत नाही. रुग्णाने कितीचा जोर लावायला हवा? आधी ८ फेडायचे आणि मग २, असा एकूण १० सेंटिमीटरचा. त्याने ९ चा जोर लावला तरी यंत्राच्या लेखी काहीच घडलेले नाही. श्वासपटल आकसले, कष्ट झाले, हवा मिळाली नाही. हा वाया गेलेला प्रयत्न.

इथे एक उलटे वाटणारे सत्य आहे. रुग्ण धडपडतो आहे असे पाहून यंत्राचा जोर वाढवला, तर प्रत्येक श्वास मोठा होतो, बाहेर टाकायला अधिक वेळ लागतो, हवा आणखी कोंडते आणि वाया जाणारे प्रयत्न वाढतात. अशा रुग्णाला बहुधा यंत्राची मदत कमी केल्याने आराम पडतो.

दुहेरी श्वासाचे गणित

पाण्याने भरलेल्या फुप्फुसात हवा घेऊ शकणारा भाग थोडाच उरतो. मोठ्या माणसाच्या छातीत जणू लहान मुलाचे फुप्फुस. त्यात नेहमीइतकी हवा कोंबली, तर उरलेले निरोगी वायुकोशही फाटतात आणि सुजतात. यंत्राच्या श्वासाने होणारी ही इजा किती मोठी असते हे अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाने २००० साली दाखवून दिले. ज्यांना दर किलो वजनामागे १२ मिलिलिटर हवा दिली, त्यांच्यातले ३९.८ टक्के दगावले. ज्यांना ६ मिलिलिटर दिली, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होते. (हे वजन काट्यावरचे नसून उंचीवरून काढलेले असते. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत.) त्या वर्षापासून जगभर लहान श्वासाचा नियम रूढ झाला.

आता विसंवाद या नियमावर पाणी कसे फिरवतो ते पाहा. उंचीवरून काढलेले वजन ६० किलो. डॉक्टरांनी ६ मिलिलिटरच्या हिशोबाने ३६० मिलिलिटरचा श्वास ठरवला. यंत्राने ३६० दिले आणि ते थांबले. पण मेंदूचा श्वास अजून संपलेला नाही, श्वासपटल ओढतेच आहे. दाब पुन्हा खाली येतो. यंत्राला वाटते, नवा श्वास मागितला. ते आणखी ३६० देते. मधल्या काळात उच्छ्वास झालेलाच नाही. छातीत गेले ७२० मिलिलिटर. ७२० भागिले ६० म्हणजे किलोमागे १२ मिलिलिटर. ज्या मात्रेपासून रुग्णाला वाचवायचे होते तीच मात्रा त्याला मिळाली. यंत्राच्या पडद्यावर मात्र ठरवलेला आकडा ३६० असाच दिसत राहतो.

झोपवले तरी?

सहज सुचणारा उपाय म्हणजे रुग्णाला गुंगीचे औषध देणे. तो पुष्कळदा आवश्यकच असतो. घशात नळी असलेल्या माणसाच्या वेदना आणि भीती कमी करणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. धनुर्वाताचे उदाहरण घ्या. त्यात सर्वांगाला असे झटके येतात की औषधांनी स्नायू सैल केल्याशिवाय यंत्राला श्वास देताच येत नाही. मुंबईचे डॉ. फरोख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या १५० रुग्णांच्या अतिदक्षता उपचारांचा अनुभव १९८७ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशातल्या अतिदक्षता वैद्यकाच्या पायाभरणीतले ते महत्त्वाचे काम आहे.

पण गुंगी आणि ताल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंगीच्या औषधाने जाणीव मंदावते. श्वसनकेंद्र मात्र मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छाच्या भागात असते आणि ते झोपेतही काम करते. नाहीतर आपण रोज रात्री झोपल्यावर मेलो असतो. औषधांचे परिणामही एकसारखे नसतात. अफूच्या जातीची मॉर्फिनसारखी औषधे मुख्यतः श्वासांची संख्या घटवतात. प्रोपोफॉलसारखी औषधे श्वासाचा जोर कमी करतात. वरच्या उदाहरणात १० सेंटिमीटरचा जोर लावू शकणारा रुग्ण गुंगीत ६ चाच जोर लावू लागला, तर काय होईल? त्याचे सगळे प्रयत्न वाया जाऊ लागतील. खाटेजवळ उभ्या असलेल्याला मात्र तो शांत झालेला दिसेल. गुंगी जितकी गाढ तितके वाया जाणारे प्रयत्न अधिक, असे प्रत्यक्ष नोंदींतही आढळले आहे.

याहून नवलाची गोष्ट २०१३ साली पुढे आली. अकुमिआनाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाढ गुंगीतल्या आठ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या रुग्णांत रुग्ण यंत्राला सुरू करत नव्हता, यंत्रच रुग्णाला सुरू करत होते. यंत्राने हवा ढकलली की थोड्या वेळाने, ठरावीक अंतराने, श्वासपटल आकसत असे. कधी यंत्राच्या प्रत्येक श्वासामागे एकदा, कधी दोन श्वासांमागे एकदा, कधी तीन श्वासांमागे एकदा. याला उलटी चालना म्हणता येईल.

दोन लयी एकमेकींना अशा कशा बांधल्या जातात? डच वैज्ञानिक क्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६६५ साली एकाच आधाराला टांगलेली लंबकाची दोन घड्याळे पाहिली. कशीही सुरू केली तरी काही वेळाने दोन्ही लंबक एकमेकांशी बांधल्यासारखे, ठरावीक फरकाने हलू लागत. आधाराच्या अतिसूक्ष्म हालचालीतून एका घड्याळाचा ताल दुसऱ्याला ‘कळत’ होता. फुप्फुस आणि मेंदू यांच्यातही असा दुवा आहे. फुप्फुस ताणले गेले की त्याची वर्दी मज्जातंतूमार्गे श्वसनकेंद्राला पोहोचते. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ सालीच हे दाखवले होते. जाणीव झोपलेली असताना यंत्राचा एकसुरी ठेका या वाटेने श्वसनकेंद्राला आपल्या तालावर नाचवू शकतो. हा उलट्या चालनेचा श्वास यंत्राच्या श्वासाच्या शेवटी आला, तर पुन्हा तोच दुहेरी श्वास, तेच ७२० मिलिलिटर. आणि हे सारे घडते ते वरवर गाढ झोपलेल्या रुग्णात.

थापटून पाहावे लागते

गोरोबाकाकांची एक कथा आपल्याकडे सांगतात. संतमंडळी तेरला जमली असता त्यांनी हातात थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले. कुंभाराला ठाऊक असते की मडके वरून पाहून कळत नाही, ते वाजवून पाहावे लागते. गुंगीतल्या रुग्णाचेही तसेच आहे. चेहरा शांत आहे यावरून ताल जुळला आहे असे म्हणता येत नाही.

अतिदक्षता विभागातले ‘थापटणे’ कोणते? पहिले म्हणजे पडद्यावरचे दाबाचे आणि प्रवाहाचे आलेख. दाबाच्या आलेखाला मध्येच पडलेला खड्डा म्हणजे अपुऱ्या हवेची तक्रार. उच्छ्वासाच्या प्रवाहात आलेला छोटा उंचवटा आणि त्यापाठोपाठ श्वास नाही, म्हणजे वाया गेलेला प्रयत्न. मध्ये उच्छ्वास नसलेली जोडशिखरे म्हणजे दुहेरी श्वास. दुसरी युक्ती अशी की उच्छ्वासाच्या शेवटी यंत्राच्या झडपा क्षणभर बंद करायच्या. त्या वेळी दाब खाली गेला, तर रुग्ण ओढतो आहे हे नक्की. तिसरा उपाय, अन्ननलिकेत बारीक फुगा घालून छातीतला दाब थेट मोजणे. आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे रुग्णाच्या पोटावर हात ठेवून त्याचे श्वास मोजायचे आणि ते यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायचे. हात २८ सांगतो आणि यंत्र २० दाखवते, तर मिनिटाला आठ प्रयत्न वाया चालले आहेत.

यंत्र येण्याआधी हा ताल माणसाचा हातच सांभाळत होता. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबायला सुरुवात झाली. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने अनेक आठवडे हे काम केले आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पिशवी दाबणाऱ्या हाताला रुग्णाची ओढ जाणवते आणि हात आपोआप तिच्याबरोबर चालू लागतो. यंत्राला हेच शिकवायचे आहे. श्वासपटलाकडे जाणारा विद्युतसंदेश टिपून त्याबरहुकूम हवा सोडण्याची पद्धत १९९९ साली मांडली गेली आणि आज तशी यंत्रे वापरात आहेत, पण ती सगळीकडे नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, शासकीय रुग्णालयाला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर मिळाले. ‘घाटी’ म्हणून मराठवाड्याला माहीत असलेले हेच रुग्णालय. यातली बरीच यंत्रे नीट चालत नसल्याचा अहवाल रुग्णालयाने दिला. यंत्रे नीट बसवली आणि वापरली गेली नाहीत, अशी केंद्राची बाजू होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मोठ्या दुरुस्त्या केलेली यंत्रे रुग्णांवर आजमावून पाहायला परवानगी देणार नाही, असे बजावले. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवू. शिकण्याची गोष्ट ही की यंत्रांची संख्या मोजणे सोपे असते. प्रत्येक यंत्राशेजारी आलेख वाचता येणारा माणूस किती वेळ उभा असतो, हे मोजणे अवघड असते.

विसंवादाने माणूस दगावतो का?

स्पेनमधल्या ब्लांच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ५० रुग्णांचे ७,०२७ तासांतले ८७,३१,९८१ श्वास संगणकाने तपासले. ज्यांचे दहा टक्क्यांहून अधिक श्वास बिघडलेले होते, त्यांच्यात अतिदक्षता विभागातल्या मृत्यूंचे प्रमाण ६७ टक्के होते, बाकीच्यांत १४ टक्के. आकडा धक्कादायक आहे, पण घाईने निष्कर्ष काढू नये. पहिल्या गटातले रुग्ण मोजकेच होते. शिवाय विसंवादामुळे आजार बळावला की आजार बळावल्यामुळे विसंवाद झाला, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या दिसतात, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडला असे आपण म्हणत नाही.

मग स्नायू पूर्ण सैल करून रुग्णाची बाजूच बंद केली तर? २०१० साली ३४० रुग्णांवरच्या फ्रान्समधल्या अभ्यासात याचा फायदा दिसला. २०१९ साली अमेरिकेत १,००६ रुग्णांवर तसाच मोठा अभ्यास झाला, तेव्हा ९० दिवसांनंतरच्या मृत्यूंत फरक आढळला नाही. त्यामुळे आज हा उपाय सरसकट न करता निवडक रुग्णांत, थोडा काळ करतात. गुंगीबाबतही दृष्टी बदलली. १२८ रुग्णांच्या एका अभ्यासात रोज काही वेळ गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे होऊ दिले. २००० सालचा हा अभ्यास. या रुग्णांचे यंत्र सरासरी ४.९ दिवसांत सुटले, इतरांना ७.३ दिवस लागले. वापराविना ठेवलेले श्वासपटलही प्लास्टरमधल्या हातासारखे वाळते, हे ध्यानात घेतले म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही.

म्हणून जाणता डॉक्टर औषधाची सुई घेण्याआधी काही गोष्टी पाहतो. नळीत कफ अडकला आहे का? नळीत पाणी साचले आहे का? रुग्णाला कुठे दुखते आहे का, लघवी तुंबली आहे का? मग यंत्राचे तीन प्रश्न: सुरुवात, वेग, शेवट. यंत्राला रुग्णाशी जुळवून घ्यायला लावणे आधी, रुग्णाला यंत्रापुढे गप्प करणे नंतर. तुमच्या गावातला कोणी उद्या यंत्रावर असला आणि तो भांडतो आहे असे कानावर आले, तर त्याचा अर्थ तो हट्टी आहे असा नाही. त्याचा मेंदू काहीतरी मागतो आहे. काय मागतो आहे, हे डॉक्टरांना शांतपणे विचारण्याचा नातेवाइकांना हक्क आहे. मात्र नळीला किंवा यंत्राच्या बटणाला हात लावू नये.

वर्गात विचारण्यासाठी

१. वर दिलेल्या ८७,३१,९८१ श्वासांना ७,०२७ तासांनी भागा. मिनिटाला सरासरी किती श्वास येतात? लेखात धरलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

२. कोंडलेला दाब ५ सेंटिमीटर, यंत्र जागे होण्याची मर्यादा १ सेंटिमीटर आणि रुग्णाचा जोर ७ सेंटिमीटर असेल, तर यंत्राला हाक ऐकू येईल का? कोंडलेला दाब कितीवर गेला की येणार नाही?

३. दोन मुलांना एकाच झोपाळ्याला धक्के द्यायला लावा. आधी दोघांनी एकमेकांकडे पाहून, मग एकाने डोळे बांधून केवळ आकडे मोजून. झोपाळ्यावरच्या मुलाला कोणता अनुभव आला, ते त्यालाच सांगू द्या. यातले यंत्र कोण आणि रुग्ण कोण, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.